कपाटावरची धूळ

"मीच मारलं मालकांना. मला सगळं आठवतंय," गोविंद घुगरे पुन्हा म्हणाला. हळदीच्या वखारीचा हा बुटका पहारेकरी आठवडाभर हेच सांगत होता, आणि ठाण्यातल्या स्मृतियंत्रानेही त्याच्या डोक्यातली तीच आठवण पडद्यावर दाखवली होती. कायद्याला तेवढा पुरावा पुरत होता.

उपनिरीक्षक शर्वरी खाडे त्याला वखारीच्या कचेरीत घेऊन आली. मागोमाग ठाण्याचे प्रमुख, उंचपुरे निरीक्षक दळवाईही आले.

"वार करताना समोर काय दिसत होतं, काका?"

"मालकांमागचं कपाट. त्याच्या माथ्यावर धूळ, धुळीत मेलेली पाल."

"आता बघा बरं."

घुगरेने टाचा उंचावल्या, मान ताणली. कपाटाचा माथा काही दिसेना. तो गोंधळून तिच्याकडे बघू लागला.

"ही आठवण सहा फुटी माणसाची आहे. कुणीतरी स्मृतियंत्राने स्वतःच्या आठवणीची नक्कल तुमच्या डोक्यात भरली. त्या यंत्राची किल्ली ठाण्यात एकाच माणसाकडे असते."

दळवाई दाराकडे वळले. तिथे शर्वरीने आणलेले दोन शिपाई उभे होते.

"खाडे, नीट विचार कर," ते खालच्या आवाजात म्हणाले.

"केलाय, सर. आता तुमची आठवण वाचायची आहे."

शिपाई त्यांना घेऊन गेले. घुगरे आपल्या हातांकडे बघत राहिला.

"पण मला अजून आठवतंय, बाई."

"ते पुसता येत नाही. पण ते तुमचं नाही."

त्याने हात खाली घेतले. मग म्हणाला, "माझ्या मुलीला बोलवाल? तिला मी भेटायला येऊ नको म्हणालो होतो."