रविवारी चार वाजता

खट्. दुपारच्या सामसुमीत बेडरूमची कडी आतून लागली. रुचिराने लॅपटॉप मांडीवर घेतला आणि मोबाइल उशीला टेकवून स्पीकरवर टाकला.

"बोल, कुठे अडलंय?" बोरीवलीहून धाकटा भाऊ देवेश विचारत होता.

"गेम उघडला की नुसता काळा पडदा. काल ते अपडेट करून बसले ना."

"कुणी सांगितलं होतं शहाणपणा करायला?"

कुणीच नाही. उलट नवरा, सिद्धेश, नेहमी बजावायचा, लॅपटॉपवरच्या लिनक्सच्या अपडेटला मला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. पण गेल्या रविवारी लेक जानकी कुरकुरली, गेम सारखा अडकतो म्हणून. काल मेथी निवडता निवडता रुचिराने ते बटण दाबून टाकलं. रडतखडत का होईना, चालत होतं, तेही घालवलं.

"नवीन कर्नल आलंय, ताई. म्हणजे मशीनचा पायाच बदलला. पडद्यावर चित्र आणणारा तुझा जुना ग्राफिक्स ड्रायव्हर त्याच्यावर बसत नाहीये. फेकून दे ना तो डबा!"

"ह्याच्यात सिद्धेशचं सगळं आहे."



"आई, चार वाजत आले!" हॉलमधून हाक आली. आठ वर्षांची जानकी जेवण झाल्यापासून टॅब घेऊन सोफ्यावर बसली होती. "बाबाच्या जहाजावर आज नेट असेल ना गं?"

"असेल गं राणी. जरा दम धर."

रविवारी चारला बाप-लेकीची गाड्यांची शर्यत ठरलेली. सात महिन्यांत एकदाही चुकली नव्हती. आज चुकली तर पोर पुन्हा पूर्वीसारखी जेवणच टाकेल, ही रुचिराला धास्ती होती.

"रीस्टार्ट कर," देवेश म्हणाला. "सुरू होताना एस्केप दाबत राहा. यादी आली? आता त्यातलं जुनं कर्नल निवड. लहान नंबरवालं."

तिने निवडलं. पडद्यावर अक्षरं सरसर धावली, थांबली. मग गेमचं चित्र, मग समुद्राकाठचा तो वळणावळणाचा रस्ता.

"चाललं रे!"

"झकास." पण तो फोन ठेवेना. "ताई, आता पुरे कर हे. जानकीला सांगून टाक. त्या माणसाने तिकडे दुसरा संसार मांडलाय. सात महिन्यांत पोरीची एकदा तरी चौकशी केली का त्याने?"

रुचिराने फोन कट केला. सिद्धेशच्या नावाने उघडलेल्या गेममध्ये ती हिरव्या गाडीत जाऊन बसली.

"आई, बाबा आला!" हॉलमध्ये जानकीने उडी मारली.

रुचिराने टाइप केलं, 'कशी आहे माझी माऊ?'

उत्तराला वेळ लागला. मग एकेक शब्द उमटत गेला.

'बाबा, आईला सांगू नकोस हं. ती रोज तुझी वाट बघते. तू तिला फोन का नाही करत?'