वाऱ्याकडे पाठ

दम्याच्या इनहेलरमधला जुना गॅस काढून नवा भरायचा, पण फवारा मात्र तितकाच बारीक ठेवायचा, या एका कामापायी मोनालीनं प्रयोगशाळेत वर्षं घालवली. औषध बाजारात आलं, तेव्हा पहिला इनहेलर तिनं कुरियरनं दर्यापूरला बाबांना, देवानंदरावांना पाठवला.

आठवड्यानं देवानंदराव फोनवर धापा टाकतच म्हणाले, "काहीच फरक नाई, माय."

नवा गॅसच दगा देतोय की काय? मिळेल ती जीप पकडून तिनं घर गाठलं.

"माझ्यासमोर घ्या पाहू."

बाबा अंगणात आले. वारा कुठून येतो ते पाहून त्यांनी त्याच्याकडे पाठ केली, दुपट्टा नाकातोंडावर करकचून बांधला, हात लांब करून इनहेलर दाबला आणि धुकं विरेपर्यंत श्वास रोखून उभे राहिले. मग साबणानं हात धुतले.

"बाबा, हे काय करून राहिले तुमी?"

"कपाशीवर फवारताना तूच त ओरडत होती मले," बाबा अभिमानानं म्हणाले. "आता पाह्य, एक थेंबबी नाकात जाऊ देल्ला नाई म्या."