सुकाणू ग्लेनिसच्या हाती

"काय साहेब, सुकाणू चक्क बायकोच्या हाती? धाडस आहे हं तुमचं!" नाव पुढे जावी म्हणून काठावर उतरून कालव्याचा दरवाजा उघडणाऱ्या क्लिफर्डला काठावर कुत्रा फिरवणारा गृहस्थ म्हणाला. सकाळपासूनचा हा तिसरा शहाणा. क्लिफर्ड नेहमीसारखा हसला, "शिकतेय अजून!" सुकाणूवरच्या ग्लेनिसच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कोळसा वाहणाऱ्या नावेत जन्मलेली ती, सातव्या वर्षी बापाची नाव हाकायची. ह्यानं नावेत पहिला पाय ठेवला पेन्शन लागल्यावर! नाव दरवाजातून बाहेर पडल्यावर त्याला घ्यायला काठाशी थांबायचं असतं. ती थांबली नाही. "अगं, मी राहिलो ना!" नाव माणसाच्या चालीनंच जाते, म्हणून दरवाजे उघडायचं लोखंडी हँडल खांद्यावर टाकून तो दोन मैल काठाकाठानं विनवण्या करत आला. ती समोर बघत चहा पीत राहिली. पुढच्या दरवाजाशी एका बाईनं विचारलं, "नवऱ्याला नावेत नाही घेतलंत?" "शिकतोय अजून."