चूक

सूक्ष्मदर्शकावरून डोळे काढून शाल्मलीने कपाळावर हात मारला. रुग्णाच्या रक्ताचा थेंब दोन्ही काचपट्ट्यांवर गेला असणार. रक्ताच्या कर्करोगावरच्या तिच्या संशोधनात तुलनेसाठी निरोगी माणसाचं रक्तही लागायचं आणि ते प्रयोगशाळेतलंच कुणीतरी द्यायचं. काल शिपाई सोपानमामा आपणहून पुढे झाले होते. "माझं घ्या, ताई. कधी साधं डोकं दुखलेलं आठवत नाही मला."

आता त्यांच्या नावाच्या काचपट्टीवरही त्याच रोगट, अर्धवट वाढलेल्या पांढऱ्या पेशींची दाटी होती.

तिने टेबल रिकामं केलं. मामांचं उरलेलं रक्त यंत्रात गरगर फिरवलं, नळीत वेगळं झालेलं पांढऱ्या पेशींचं कडं अलगद उचललं, नव्या काचेवर रंगवलं आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. पुन्हा तेच.

तेवढ्यात धुतलेल्या नळ्यांचा ट्रे घेऊन मामाच आत आले. "काय ताई, चांगलं निघालं ना आमचं रक्त?"

"मामा, परत द्यावं लागेल. कालचं... सांडलं माझ्या हातून."

"मग त्यात एवढं तोंड पाडायला काय झालं? घ्या की!"

ते खुर्चीत बसले. चूक आपलीच असू दे, असं मनाशी घोकत तिने त्यांची बाही वर सारली. कालच्या सुईच्या जागेभोवती, या कर्करोगाच्या रुग्णांच्या हातांवर उठतो तसा, तळहाताएवढा काळानिळा डाग पसरला होता.

"काल जरा जोरात टोचलंत वाटतं," मामा हसून म्हणाले.

"हो मामा," ती कशीबशी म्हणाली, "माझंच चुकलं."