रेवाची पहिली गाडी

माझ्या लेकाला, श्रीरंगला, मिरवायची भारी हौस. नातीला काल लायसन मिळालं आणि आज हा पठ्ठ्या तिला न विचारता ढाण्या वाघासारखी गाडी घेऊन आला! मीही हरखले. हळदकुंकू वाहिलं, हार घातला, चाकांखाली लिंबं ठेवली. मेलबर्नच्या मराठी मंडळातली माणसं पेढे खायला जमली.

पण रेवा गाडीत बसेना. "आजी, नव्या लायसनवाल्यांना इथं एवढ्या ताकदीच्या गाड्या चालवायला बंदी आहे. पकडलं तर लायसन जाईल."

"कोपऱ्यापर्यंत तर जायचंय," श्रीरंग पुटपुटला. "सगळे बघतायत. आई, तू तरी सांग हिला."

पोरीचे डोळे भरले. वर्षभर धडपडून मिळवलेलं लायसन ते! मी वाकले, लिंबं उचलली आणि सुनेच्या जुन्या, इवल्याशा गाडीच्या चाकांखाली ठेवली. हारही तिलाच घातला.

"ही चालेल?"

"पळेल, आजी!" म्हणत रेवा स्टिअरिंगवर बसली, मी शेजारी.

श्रीरंग तोंड पाडून उभा. काच खाली करून मी सगळ्यांदेखत म्हणाले, "पोरीचं लायसन पणाला लावून मिरवणार होतास? अक्कल तिला तुझ्यापेक्षा जास्त आहे. बस मागं, आणि पट्टा लाव!"