हातावरचं दही

मुलाच्या मेलबर्नच्या घरातून निघताना शरयूताई दारात रेंगाळल्या. का, ते दिनकररावांना लगेच कळलं. सुट्टी संपवून मुलगा पुण्याहून परत निघाला, की त्या दरवेळी त्याच्या हातावर दही ठेवायच्या; लवकर पुन्हा ये म्हणून. आज निघण्याची पाळी त्यांची होती.

"आई, चल गं, विमान चुकेल," बॅगा गाडीत टाकत मुलगा ओरडला.

दिनकररावांनी फ्रीज उघडला आणि बायकोच्या तळहातावर चमचाभर दही ठेवलं.

"अहो, तुम्ही काय ठेवताय? तुम्ही तर माझ्याबरोबरच निघालात," त्या कसंनुसं हसल्या. "ठेवणाऱ्यानं मागे राहायचं असतं."

"मग त्याला हाक मारू?"

"नको. हे मागून घ्यायचं नसतं."

हात तसाच पुढे धरून त्या गाडीकडे बघत राहिल्या. बाहेर मुलगा हॉर्न वाजवत होता.