एक तरी दाखला

मे १९९८. इस्लामपुरात डॉक्टरांच्या संघटनेची बैठक चांगलीच पेटली होती. ऊन वर्षागणिक वाढतंय, वीटभट्ट्या दुपारी बंद ठेवायला कलेक्टरांना पत्र लिहू, असा ठराव डॉ. नीलिमानं मांडला होता. "या महिन्यात उष्माघातानं माझ्यासमोर चौघं गेले!" ती म्हणाली.

"उष्माघाताचा एक तरी मृत्यूचा दाखला दाखवा, आत्ता सही करतो," अध्यक्ष म्हणाले.

नीलिमानं समोरच्याच आपल्या दवाखान्यातून दाखल्यांचं कार्बन-बुक मागवलं. अध्यक्षांनी ते उघडून मोठ्यानं वाचलं, "आकाराम, वय चाळीस. हृदयक्रिया बंद पडून मृत्यू." पुढचे तिघेही तसेच. अक्षर नीलिमाचंच.

पोस्टमार्टम नको म्हणून घरच्यांनी हात जोडले, की तालुक्यातले सगळेच डॉक्टर असंच लिहायचे. तिनंही सवयीनं तसंच लिहिलं होतं.

"मग ठराव फेटाळायचा ना?" अध्यक्षांनी विचारलं.

सभेत ताक वाटणारी मनुबाई, आकारामची बायको, नवऱ्याचं नाव ऐकून जागीच थबकली होती.



"आवं डाक्टर, ऊन लागून मेलेल्या माणसाचं हार्ट चालूच ऱ्हातंय व्हय?"